सोय निर्मात्याची, भार ग्राहकाचा?

संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या खिडकीच्या आत नेमके काय दडले आहे, याचे सर्वसामान्य माणसाला सहसा कुतूहल नसते. आपले काम विनाविलंब व्हावे, एवढीच त्याची रास्त अपेक्षा असते. मात्र तीन-चार आज्ञावली एकाच वेळी उघडल्या की संगणक मंदावतो, त्याचा पंखा घरघरू लागतो आणि नवे यंत्र घेण्याची वेळ आली की काय, अशी शंका मनात डोकावते. अशा वेळी दोष बहुधा जुन्या यंत्राच्या माथी मारला जातो. त्या दोषाचा काही वाटा आज्ञावलींच्या घडणीकडेही जातो, ही बाब मात्र दुर्लक्षितच राहते.

संगणकावर बसवायची आज्ञावली पूर्वी त्या त्या कार्यप्रणालीसाठी स्वतंत्रपणे लिहिली जात असे. विंडोजसाठी एक, मॅकसाठी दुसरी आणि लिनक्ससाठी तिसरी. साहजिकच खर्च तिप्पट, चुका दुरुस्त करण्याचे श्रमही तिप्पट. याउलट, संकेतस्थळे घडविण्याची एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट ही साधने सर्व संगणकांवर सारखीच चालतात आणि ती जाणणारे तंत्रज्ञही विपुल प्रमाणात मिळतात. मग याच साधनांनी संगणकावरील आज्ञावली का घडवू नये, असा विचार पुढे येणे क्रमप्राप्त होते.

हा विचार तसा नवा नाही. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीबरोबर अशी सोय उपलब्ध करून दिली होती. फेब्रुवारी २००८ मध्ये अडोबी कंपनीचे ‘एअर’ आले. २००९ मध्ये रायन डाल यांनी ‘नोड’ सादर केले आणि ब्राउझरच्या चौकटीत वावरणारी जावास्क्रिप्ट संगणकातील फायलींपर्यंत पोहोचू लागली. पुढे २०१३ मध्ये गिटहब कंपनीत चेंग झाओ यांनी क्रोमियम हे ब्राउझरचे इंजिन आणि नोड यांची एकत्र मोट बांधली. ‘अ‍ॅटम’ या संपादकासाठी तयार झालेल्या या साधनाला २०१५ मध्ये ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव मिळाले. अ‍ॅटमचे काम डिसेंबर २०२२ मध्ये थांबले. त्याच्यासाठी जन्मलेले साधन मात्र जगभर पसरले. व्हिज्युअल स्टुडिओ कोड, स्लॅक, डिस्कॉर्ड यांसारख्या सुपरिचित आज्ञावली याच साधनावर उभ्या आहेत.

या पद्धतीचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. भारतासारख्या देशात तर ते अधिकच ठळकपणे जाणवतात. केरळमधील सरकारी शाळांत लिनक्स वापरले जाते. सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित भारतीय कार्यप्रणाली विकसित केली आहे. एकेकाळी अशा संगणकांसाठी स्वतंत्र आज्ञावली लिहिण्यास कंपन्या फारशा राजी नसत. एकदाच लिहून सर्वत्र चालविता येण्याच्या सोयीमुळे ही उपेक्षा बऱ्याच अंशी कमी झाली.

दुसरा लाभ भाषेचा. एका संगणकावर विशिष्ट फॉन्टमध्ये टंकलेले मराठी पत्र दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांगोळी होऊन उमटे, हा अनुभव कार्यालयांतून काम केलेल्या अनेकांच्या स्मरणात असेल. आधुनिक ब्राउझरच्या इंजिनात युनिकोडवर आधारित जोडाक्षरांची योग्य मांडणी अंगभूतच असते. एवढेच नव्हे, तर १२,३४,५६७ अशी लाख-कोटींच्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन रक्कम देवनागरी अंकांत दाखविण्याची व्यवस्थाही तेथे तयार मिळते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा असलेल्या देशात, ग्राहकाला त्याच्या भाषेत सेवा देऊ इच्छिणाऱ्या संस्थेसाठी ही बाब लहान नव्हे.

तथापि, प्रत्येक जमेच्या समोर नावेची बाजूही असते. इलेक्ट्रॉनवर बेतलेली प्रत्येक आज्ञावली स्वतःबरोबर संपूर्ण ब्राउझर घेऊन येते. एकाच घरातील प्रत्येक खोलीत स्वतंत्र चूल मांडावी, तसा हा प्रकार. चार ओळींचा मजकूर दाखविणारी साधी आज्ञावलीसुद्धा संगणकावर शंभर मेगाबाइटपेक्षा अधिक जागा व्यापते. चार गिगाबाइट स्मृती असलेल्या यंत्रावर अशा तीन आज्ञावली आणि शिवाय नेहमीचा ब्राउझर उघडला, तर संगणकाची दमछाक ठरलेलीच. निर्मात्याचा खर्च वाचतो हे खरे. परंतु त्यातील काही भाग नाहीसा न होता ग्राहकाच्या खात्यावर नावे पडतो. तो कधी वेळेच्या, कधी विजेच्या, तर कधी मुदतीआधीच घ्याव्या लागणाऱ्या नव्या संगणकाच्या रूपाने वसूल होतो. महागडे यंत्र बाळगणाऱ्याला तो जाणवत नाही. जुन्या संगणकावर दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्याला मात्र तो रोज मोजावा लागतो.

याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘वेबपी’ प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या एका सामायिक संग्रहात धोकादायक त्रुटी आढळली. क्रोमसारख्या ब्राउझरना तातडीने दुरुस्ती मिळाली आणि ती बहुतेकांच्या संगणकांवर आपोआप पोहोचली. परंतु पोटात स्वतंत्र ब्राउझर बाळगणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीला आपापली दुरुस्ती वेगळी द्यावी लागली. ज्या निर्मात्याने ती दिली नाही, त्याच्या ग्राहकाच्या घराचा दरवाजा उघडाच राहिला आणि त्या ग्राहकाला याची गंधवार्ताही नव्हती.

शिवाय, संकेतस्थळावरील घातक मजकूर सहसा ब्राउझरच्या कुंपणात अडकून पडतो; संगणकावरील आज्ञावलीला मात्र फायली वाचण्या-लिहिण्याची मुभा असते. बाहेरून आलेला मजकूर आणि ही मुभा यांची बेसावधपणे गाठ पडली, तर एका संदेशातून संगणकाच्या किल्ल्या परक्याच्या हाती जाऊ शकतात. इलेक्ट्रॉनच्या निर्मात्यांनीही हे ओळखून २०१९ मधील पाचव्या आणि २०२१ मधील बाराव्या आवृत्तीत मूळ व्यवस्था अधिक कडक केल्या. परंतु जुन्या आवृत्तीवरच अडकून पडलेल्या आज्ञावलीला या सुधारणांचा लाभ कसा मिळणार?

या अडचणींवर उपाय शोधण्याचे प्रयत्नही झाले आहेत. जून २०२२ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेले ‘टौरी’ हे साधन स्वतंत्र ब्राउझर आणत नाही. कार्यप्रणालीत आधीच असलेल्या ब्राउझरच्या इंजिनाचा ते उपयोग करते. त्यामुळे आज्ञावली काही मेगाबाइटांत मावते. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये आपल्या ‘टीम्स’ची नवी आवृत्ती इलेक्ट्रॉन सोडून ‘वेबव्ह्यू-२’ या सामायिक घटकावर उभी केली आणि त्यामुळे स्मृतीचा वापर निम्म्यापर्यंत घटल्याचा दावा केला. अर्थात येथेही सर्व काही फुकट नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स यांवरील इंजिने वेगवेगळी असल्याने प्रत्येक ठिकाणी काळजीपूर्वक चाचणी घ्यावी लागते. म्हणजे ग्राहकाच्या खांद्यावरील भार पुन्हा निर्मात्याच्या खांद्यावर येतो. तो तेथेच असावा, हेच न्याय्य नव्हे काय?

मुळात स्वतंत्र आज्ञावलीची गरज आहे का, हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. अंकीय स्वाक्षरीचे टोकन, पासबुकाचा मुद्रक, बोटांचे ठसे घेणारे यंत्र यांच्याशी संवाद साधायचा असेल, तर ती गरज बहुधा खरी असते. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची जोड-साधने बंद केल्यावर, ब्राउझरमधील जावा-आधारित स्वाक्षरीच्या सुविधांना संगणकावरील आज्ञावलीचा आधार शोधावा लागला, हे त्याचे बोलके उदाहरण. परंतु केवळ संकेतस्थळच वेगळ्या वेष्टनात बांधून ग्राहकाच्या संगणकावर लादायचे असेल, तर त्यात कोणाचे हित साधते? तेच काम ब्राउझरमधून होत असेल, तर ते ब्राउझरमध्येच राहू द्यावे.

म्हणूनच आज्ञावली तयार करणाऱ्यांनी आणि ती विकत घेणाऱ्या संस्थांनी काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. आज्ञावलीची चाचणी तंत्रज्ञाच्या अद्ययावत यंत्रावर घेऊन न थांबता, दूरच्या शाखेतील सर्वांत जुन्या संगणकावरही घेतली जावी. खरेदीच्या निविदेत किमतीबरोबरच दोन प्रश्न आवर्जून असावेत: आतील ब्राउझरची आवृत्ती कोणती, आणि त्रुटी उघड झाल्यापासून किती दिवसांत दुरुस्ती मिळेल? जुन्या कार्यप्रणालीचा आधार कधी संपणार, याची पूर्वसूचनाही ग्राहकाला मिळावी. २०२३ च्या आरंभी क्रोमियमने विंडोज ७ ची साथ सोडली, तेव्हा इलेक्ट्रॉनच्या तेविसाव्या आवृत्तीपासून पुढच्या आज्ञावलीही त्या संगणकांवर चालेनाशा झाल्या. अशा गोष्टी ग्राहकाला काम अडल्यावरच कळाव्यात, हे बरे नव्हे.

ग्राहकांनीही काही दक्षता घ्यावयास हवी. आज्ञावली केवळ संस्थेच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी, अद्ययावत करण्याची सूचना आल्यास ती टाळू नये आणि वापरात नसलेली आज्ञावली संगणकावरून काढून टाकावी. न वापरलेली आज्ञावली जागा तर अडवतेच, शिवाय तिच्यातील जुनी त्रुटीही तशीच राहते.

वेब तंत्रज्ञानाने संगणकाच्या जगातील अनेक भिंती पाडल्या आणि लहान निर्मात्यांना मोठ्यांच्या पंक्तीला बसविले, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. प्रश्न साधनाचा नसून ते वापरणाऱ्याच्या विवेकाचा आहे. दुसऱ्याचा पैसा स्वतःच्या पैशापेक्षाही जपून वापरावा, हा बँकिंग व्यवसायाचा पहिला धडा. ग्राहकाच्या संगणकातील जागा, त्याचा वेळ आणि त्याची सुरक्षितता हीदेखील एक प्रकारची ठेवच आहे. आज्ञावली घडविणाऱ्याने तिचा विनियोगही तितक्याच जबाबदारीने करावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.