प्रमुख पाहुण्यांनो, आकडा सांगा!

प्रमुख पाहुणे बोलावल्याशिवाय मराठी माणसाला एकत्र जमता येत नाही. चार बायका हळदीकुंकवाला जमल्या तर ठीक. पण आठ जमल्या की एक अध्यक्ष होते, एक चिटणीस होते आणि उरलेल्या सहाजणी 'पाहुणे कुणाला बोलवायचं' यावर बोलू लागतात. आमच्या पुण्यात तर हे दुखणं जुनंच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून ऐन उन्हाळ्यात घाम पुसत दुसऱ्याचं ऐकून घेणं हा इथे करमणुकीचा प्रकार मानला जातो. ऐकून घेण्याबद्दल माझी तक्रार नाही. लग्न झालेल्या बाईला ती सवय असतेच. माझी तक्रार आहे ती आम्हाला ऐकवलं काय जातं याबद्दल.

मी ज्या मंडळाची सभासद आहे त्याचं नाव सांगत नाही; सांगितलं तर पुढच्या सभेचा चहा मिळायचा नाही. तंत्रज्ञान आणि व्यवसाय या क्षेत्रांतल्या स्त्रियांनी एकमेकींना भेटावं, ओळखी वाढवाव्यात, त्यातून कामं मिळावीत, असा त्याचा उद्देश घटनेच्या पहिल्याच पानावर छापलेला आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सभा असते. सभासद एकेक गुणाच्या आहेत. कुणी बँकांसाठी संगणकप्रणाली लिहिते, कुणी भोसरीत मोटारीचे सुटे भाग बनवते, कुणी गोडा मसाला दुबईला पाठवते. मी स्वतः दुकानदारांना हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देते, आणि ते बंद पडलं की त्यांची बोलणी खाते.

एका सभेला मी घड्याळ समोर ठेवून बसले. दीपप्रज्वलनाला सात मिनिटं लागली, कारण पंखा चालू ठेवला तर ज्योत टिकेना आणि बंद केला तर पाहुणे टिकेनात. स्वागतगीत चार मिनिटं. 'ज्यांना ओळखीची गरज नाही' अशा पाहुण्यांची ओळख बारा मिनिटं. शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप, त्याचा फोटो, आणि फोटोत अध्यक्षबाईंचे डोळे मिटल्यामुळे पुन्हा फोटो, मिळून नऊ. मग प्रोजेक्टर लागेना. समोर पन्नास जणी, त्यातल्या निम्म्या इंजिनियर. पण उठलेल्या प्रत्येकीला "तुम्ही बसा हो ताई," असं सांगत हॉलचा शिपाईच ती वायर या भोकातून काढून त्या भोकात घालत राहिला. अकरा मिनिटं. एकूण झाली त्रेचाळीस. ओळखी वाढवण्यासाठी काढलेलं मंडळ. पण शेजारी बसलेल्या बाईंचं नाव विचारायची मला सोय नव्हती, कारण जरा कुजबूज झाली की चिटणीसबाई पहिल्या रांगेतून मागे वळून पाहतात.

हेही मी सोसलं असतं, जर त्यानंतरच्या भाषणातून पदरात काही पडलं असतं. पण आमच्याकडे येणारे पाहुणे साधारण तीन जातींचे असतात.

पहिली जात सन्माननीय पुरुषांची. "स्त्री ही मुळातच उत्तम व्यवस्थापक असते, कारण ती घर चालवते," हे त्यांचं पहिलं वाक्य. ते म्हणून झालं की स्वतःच्या कंपनीच्या व्यवस्थापकांत बायका किती, हे सांगायचं ते विसरतात. दुसरी जात यशस्वी ताईंची. यांच्याविषयी मला आदर आहे, पण त्या आपल्या यशाचं श्रेय इतकं वाटून टाकतात की त्यांच्या हाती काहीच उरत नाही. सासूबाईंचा भक्कम पाठिंबा, यजमानांचं प्रोत्साहन, गुरूंचा आशीर्वाद, नशिबाची साथ. ऐकता ऐकता शंका येते, की हा कारखाना उभा राहिला त्या वेळी ताई स्वतः कुठे होत्या? पहिलं कर्ज कुणी दिलं, तारण काय ठेवलं, पहिली दोन वर्षं तोटा किती झाला, यातलं एक अक्षर नाही. तिसरी जात काहीतरी विकायला आलेल्यांची. त्यांचं 'श्रीमंत मनोवृत्ती'चं शिबिर असतं आणि त्याची फी भरल्यावर श्रीमंत कोण होतं हे सांगायला नको.

मग प्रश्नोत्तरं. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, घर आणि करिअर यांचा तोल तुम्ही कसा साधता?" उत्तरात 'तारेवरची कसरत' हे शब्द आलेच पाहिजेत. इतक्या वर्षांत पुरुष पाहुण्याला हा प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही. "सर, तुम्ही आज इथे, तर मुलांचा डबा कुणी भरला?" असं विचारायचं फार मनात येतं. पण तोपर्यंत आभारप्रदर्शन सुरू होतं.

आता यात माझं प्रत्यक्ष नुकसान काय, ते सांगते. एका कंपनीकडे माझं बिल सात महिने अडकलं होतं. रक्कम माझ्यासारखीला मोठी. तीन माणसांचे पगार त्यावर अवलंबून. त्या सात महिन्यांत मंडळाच्या सात सभा झाल्या, सात पाहुण्यांनी मला आत्मविश्वास बाळगायला सांगितलं. आत्मविश्वास होताच हो, पैसे नव्हते. सातव्या सभेनंतर वड्यांच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुण मुलगी होती. लेबलं छापायचा धंदा करते. मी सहज रडगाणं गायले. ती प्लेटमधली चटणी सावरत म्हणाली, "काकू, पंचेचाळीस दिवसांचा कायदा लावला नाहीत?"

आणि तिथे, दोन वड्यांच्या अवधीत, तिने मला शिकवलं. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याला, करारात काहीही लिहिलेलं असो, पंचेचाळीस दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आपली उद्यम नोंदणी मात्र हवी. आणि कंपनी तरीही दाद देत नसेल तर तक्रार ऐकायला सुलभीकरण परिषद आहे. माझी नोंदणी होती. मी कलमाचा उल्लेख करून दोन परिच्छेदांचं पत्र धाडलं. अकराव्या दिवशी पैसे आले. व्याज आलं नाही, पण त्यांच्या हिशेबनिसाने पहिल्यांदाच फोनवर मला 'मॅडम' म्हटलं.

मुद्दा असा, की त्या मुलीला शाल नाही, श्रीफळ नाही, व्यासपीठ नाही. तिला वड्यांच्या रांगेत बोलावं लागलं, कारण व्यासपीठ आत्मविश्वासाने अडवलेलं होतं.

"पण प्रेरणा नको का?" असं आमच्या अध्यक्षबाई विचारतात. हवी ना. पण नुसत्या प्रेरणेचं काय होतं याचा जगजाहीर दाखला आहे, आणि तो आमच्या छोट्या हॉलमधला नाही. तंत्रज्ञानातल्या स्त्रियांचा एक मोठा मेळावा अमेरिकेत १९९४ पासून भरतो. ग्रेस हॉपर सेलिब्रेशन त्याचं नाव. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो फीनिक्सला भरला होता आणि पाहुणे होते मायक्रोसॉफ्टचे प्रमुख, आपले हैदराबादचे सत्या नाडेला. ज्यांना पगारवाढ मागायचा संकोच वाटतो अशा स्त्रियांना काय सांगाल, असं त्यांना विचारलं गेलं. ते म्हणाले, मागण्यापेक्षा व्यवस्थेवर विश्वास ठेवा, ती योग्य वेळी योग्य वाढ देईल. न मागणं हे चांगलं कर्म आहे, ते फळाला येईल.

बघा! कर्माचा सिद्धांत आपण परदेशी पाठवला, आणि तो नेमका पगाराच्या दिवशी पोचला.

मुलाखत घेत होत्या मारिया क्लावे. गणितज्ञ, हार्वे मड कॉलेजच्या तेव्हाच्या अध्यक्ष, आणि विशेष म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच संचालक मंडळावर. आमच्याकडे अशा वेळी सूत्रसंचालिका "किती सुंदर विचार!" म्हणून टाळ्या मागते. क्लावेबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, की हे मला पटत नाही. आणि पुढे त्यांनी एक आकडा सांगितला. प्रिन्स्टनला डीन म्हणून जाताना आपण पगाराची घासाघीस केली नाही आणि त्यापायी सुमारे पन्नास हजार डॉलर कमी मिळाले असावेत. तेव्हा त्या कामाला पगार किती असतो याची आधी चौकशी करा, आणि कसं मागायचं याची विश्वासातल्या माणसासमोर तालीम करा. नाडेलांनी त्याच दिवशी आपलं उत्तर साफ चुकलं असं आपल्या कर्मचाऱ्यांना लिहून कळवलं. त्या सभेतून घरी नेण्यासारखं जे होतं ते पन्नास हजारांच्या आकड्यात होतं.

ज्या बाईंच्या नावाने तो मेळावा भरतो त्या ग्रेस हॉपर स्वतः फार मागणी असलेल्या वक्त्या होत्या. अमेरिकन नौदलात रिअर ॲडमिरल, संगणकाला इंग्रजीसारख्या भाषेतून हुकूम देता यावेत म्हणून खटपट केलेल्या. व्याख्यानाला जाताना त्या तारांचे तुकडे बरोबर नेत, प्रत्येक सुमारे तीस सेंटिमीटरचा, आणि श्रोत्यांना वाटत. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते, हे लोकांच्या हातात ठेवायचं म्हणून. उपग्रहावरून निरोप यायला वेळ का लागतो असं विचारणाऱ्या सेनाधिकाऱ्यांना त्या तो तुकडा दाखवत. पाहुणी असावी तर अशी. तुळशीचं रोप घेऊन जाणारी नव्हे, वायर देऊन जाणारी.

"अहो पण पैशाचं असं उघड बोलणं बरं दिसत नाही," हा दुसरा आक्षेप. कुणाला बरं दिसत नाही? याच बायका भिशीला जमल्या की सोन्याचा भाव, पैठणीची किंमत, पापलेटचा दर आणि नणंदेच्या फ्लॅटचा हप्ता पैशापर्यंत सांगतात. फक्त स्वतःच्या कामाचा दर विचारला की घसा बसतो. "तसं काही फिक्स नाही, समोरच्याचं बजेट बघून घेते." समोरच्याचं बजेट या जातीचं असतं की ते बाईला बघून आकसतं.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना विचारा. आमच्या सोसायटीत कुठल्या बिल्डिंगला भांड्याचे किती, धुण्याचे किती, कुठली बाई खाड्याचे पैसे कापते, सगळं तोंडपाठ, आणि नवीन आलेल्या मुलीला जिन्यातच सांगून टाकतात, "एवढ्याच्या खाली घेऊ नको गं, आमचापण रेट पडतो." १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता. एकीचा दर पडला की सगळ्यांचा पडतो, हे ज्यांना जिन्यात कळतं त्यांना संपही जमतो. आम्हाला ते वातानुकूलित हॉलमध्ये कळत नाही. माझी सॉफ्टवेअरवाली मैत्रीण आणि मी एकाच गिऱ्हाइकाकडे एकमेकींच्या खाली दर लावून आलो, हे आम्हाला त्या गिऱ्हाइकाने हसत हसत सांगितलं. आम्ही दोघी एकाच मंडळाच्या आजीव सभासद!

आमच्या व्यासपीठावर लिज्जत पापडाची गोष्ट हमखास सांगितली जाते. तिच्यात जिद्द आहे, चिकाटी आहे, सगळं आहे. पण ती इतकी वर्षं लोकांच्या लक्षात राहिली त्याचं कारण मला वेगळंच वाटतं. १९५९ साल, गिरगाव, सात जणी आणि उसने घेतलेले ऐंशी रुपये. हे ऐंशी रुपये गोष्टीतून काढून घ्या आणि सांगून बघा. नुसते पापड उरतात.

तेव्हा पुढच्या सभेत मी ठराव मांडणार आहे. एक, ओळख दोन मिनिटांत आटपावी. दोन, प्रोजेक्टरची वायर सभासदांपैकीच कुणीतरी लावावी. तीन, पाहुण्यांनी निदान तीन आकडे सांगावेत: पहिल्या कामाचे किती घेतले, सर्वांत मोठा तोटा किती झाला, आणि आज काय दर लावता. सांगायचे नसतील तर शाल मिळेल, माइक मिळणार नाही. 'आकडा' म्हटल्यावर ज्यांना मटका आठवतो त्यांनी खुशाल हसावं. चार, तोलाचा प्रश्न विचारायचाच असेल तर तो पुरुष पाहुण्याला आधी विचारावा. पाच, दर तिसऱ्या महिन्याला बाहेरचा पाहुणा नको. सभासदांपैकीच एकीने बोलावं, आणि पहिला मान लेबलं छापणाऱ्या मुलीला द्यावा.

चिटणीसबाई म्हणतील की असे नियम केले तर पाहुणे यायचे नाहीत. न येवोत. पन्नास जणी, दीड तास आणि वडे एवढं आमच्याकडे आहेच. खुर्च्या तेवढ्या गोल मांडल्या की झालं.

ठरावाला सूचक मी आहे. अनुमोदक हवी आहे.