रोहिंग्या स्त्रियांचा प्रश्न आपला नाही?

"ते मुसलमान आहेत, त्यांचं ते बघतील." शरणार्थी स्त्रियांच्या हक्कांवर बोलायला लागलं की आपल्याच लोकांकडून हे ऐकायला मिळतं. विषय रोहिंग्यांचा असेल तर वर कुजबुजही असते: म्यानमार तर बौद्धांचा देश, आपण कशाला त्यांच्याविरुद्ध बोलायचं?

म्हणूनच बोलायचं. तिथल्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना बिनदेशाचं केलं. ऑगस्ट २०१७ पासून लष्कराने गावं जाळली, स्त्रियांवर सामूहिक बलात्कार केले आणि सात लाखांहून जास्त माणसं बांगलादेशात पळाली. त्याआधी 'मा बा था' या भिक्खूंच्या संघटनेने द्वेषाची मशागत करून ठेवली होती. तिच्याच रेट्यामुळे २०१५ मध्ये चार कायदे झाले. त्यातला एक बौद्ध स्त्रीने बौद्धेतर पुरुषाशी लग्न करण्यावर अटी घालतो. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात मांडलेला जातीवरचा निबंध ज्यांनी वाचलाय, त्यांना यात नवल वाटणार नाही. गट बंदिस्त ठेवायचा तर आधी आपल्या बाईला बांधा. चीवर अंगावर चढवलं म्हणून मनू बुद्ध होत नाही.

आता छावणीतल्या बाईकडे या. कॉक्स बाजारला तांदूळ, ताडपत्री, औषधं पोचतात आणि ती लागतातच. पण नुसत्या रांगेत उभी राहणारी बाई कायम 'लाभार्थी' राहते. तिथल्याच स्त्रियांनी 'शांती महिला' नावाचा गट उभा केला. आपल्यावर झालं ते नशीब नव्हे, गुन्हा आहे आणि त्याचा जाब मागता येतो, हे त्या एकमेकींत बोलून शिकल्या. २०१८ मध्ये त्यातल्या ४०० जणींनी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे निवेदन पाठवलं, सहीच्या जागी अंगठे उमटवून. म्यानमार त्या न्यायालयाचा सदस्य नाही. पण हद्दपारीचा गुन्हा सीमा ओलांडल्यावर पुरा होतो आणि बांगलादेश सदस्य आहे. न्यायालयाने हे मान्य केलं, २०१९ मध्ये तपासाला परवानगीही दिली. 'शिका, संघटित व्हा' याचा अर्थ आपण पोस्टरवर लिहितो. त्या बायांनी तो करून दाखवला.

आपल्या देशातही जम्मू, दिल्ली, हैदराबादला रोहिंग्या कुटुंबं राहतात. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि २०२१ मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांची रवानगी थांबवायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. त्यामुळे 'संविधान आहे ना' एवढं म्हणून भागणार नाही. तरीही कलम १४ आणि २१ मध्ये शब्द 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नाही. हावडा स्टेशनवर सामूहिक बलात्कार झालेल्या बांगलादेशी स्त्रीला याच आधारावर २००० साली दहा लाखांची भरपाई मिळाली.

हे त्या वस्तीतल्या बाईला कोण सांगणार? आपल्याकडे वकील आहेत, समाजकार्य शिकलेली पोरं-पोरी आहेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ काढून बघा. मोफत वकील कुणाला, याच्या यादीत पहिलं नाव अनुसूचित जाती-जमातींचं आहे. दोन ओळी खाली 'स्त्री' आहे, आणि ती कुठल्या देशाची हे तिथे विचारलेलं नाही.