चार वाजून एकवीस मिनिटे

मार्गशीर्षातल्या पहाटे सह्याद्रीच्या माथ्यावरून उतरलेले धुके कोयनेच्या खोऱ्यात बराच वेळ रेंगाळते. भात झोडून झालेले असते, पेंढ्याच्या गंजी परड्यात उभ्या असतात आणि घरोघरी गुरुवारच्या घटाची आठवण चाललेली असते. अशाच एका पहाटे, ११ डिसेंबर १९६७ रोजी, चार वाजून एकवीस मिनिटांनी या खोऱ्याची जमीन हलली आणि काही सेकंदांत कोयनानगर होत्याचे नव्हते झाले. जवळपास दोनशे माणसे दगावली, हजारो बेघर झाली. वीजनिर्मिती थांबली आणि दूरच्या मुंबईचे कारखानेही थंडावले. दरवर्षी ही तारीख येते तेव्हा गेलेल्यांचे स्मरण आपण करतोच. पण याच तारखेने आपल्याला एक अभ्यासही नेमून दिला आहे, आणि तो अजून पुरा झालेला नाही.

तसे पाहिले तर जमिनीने आपल्याला अगदीच बेसावध गाठले, असे म्हणता येत नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागल्यापासून, म्हणजे १९६२ च्या सुमारापासून, भुईखालून गडगड ऐकू येत होती. खुद्द १९६७ च्या १३ सप्टेंबरला एक चांगला जाणवण्याजोगा धक्काही बसून गेला होता. पण दख्खनचे पठार म्हणजे अचल भूमी, हे भूगोलाच्या पुस्तकातले वाक्य आपण इतक्या निष्ठेने पाठ केले होते, की पायाखालचा आवाज त्यापुढे फिका पडला. ६.३ रिश्टरच्या त्या धक्क्याने ते पाठांतर मोडले. पुढे १९७० मध्ये देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा नव्याने आखला गेला आणि 'शून्य' क्रमांकाचा निर्धास्त विभाग त्यातून कायमचा निघाला.

त्या पहाटेची एकच साक्ष निःपक्षपाती होती. धरणाच्या पोटातील गॅलरीत, १-अ क्रमांकाच्या खंडात, एक त्वरणमापक बसवलेला होता. एरवी निजलेला, हादरा बसताच जागा होऊन नोंद करणारा. ज्या प्रदेशाला भूकंपाचे भय नाही असे सगळे म्हणत होते, तिथे कुणीतरी तो आधीच बसवला होता आणि कुणीतरी तो चालू स्थितीत राखला होता. दसऱ्याला आपण हत्यारांना आणि यंत्रांना झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो. प्रयोगशाळाही याला अपवाद नसतात. पण यंत्राची खरी पूजा उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत होते, आणि ती बहुधा कुणाच्या नजरेस पडत नाही. अशा कुणा अनामिकाच्या नित्यकर्मामुळे कोयनेची नोंद मिळाली: धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट, उभ्या दिशेने ०.३४ पट. धरणाचा आराखडा करताना धरलेला भूकंप-गुणांक होता ०.०५. नोंदीचे आकडे आणि हा गुणांक शेजारी ठेवून थेट तुलना करणे शास्त्राला धरून नाही, हे खरे. तरी ते शेजारी ठेवल्यावर छातीत धस्स होतेच.

मात्र आकड्यापेक्षा तडा अधिक बोलका निघाला. १०३ मीटर उंचीचे धरण पडले नाही, पाणीही सुटले नाही, आणि हे आपले भाग्य. पण सांडव्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या उंच खंडांत, पाण्याकडच्या आणि पायथ्याकडच्या अशा दोन्ही बाजूंनी आडवे तडे गेले. तेही तळाशी नव्हे. माथ्यापासून सुमारे छत्तीस मीटर खाली भिंतीचा उतार एकदम बदलतो, तिथे, म्हणजे धरणाच्या मानेशी. बांधकाम चालू असताना उंचीचा बेत बदलल्याने या भिंतीला तो वेगळा घाट आला होता. जुन्या रिवाजाच्या गणितात सगळी भिंत एकसारखी हलते असे धरले जाई, म्हणून सर्वाधिक काळजी तळाची. प्रत्यक्षात भिंत वेताच्या छडीसारखी लवते, माथा पायापेक्षा कितीतरी जोराने झोके घेतो, आणि मान अवघडते. नियम पायाशी पहारा देत उभा होता, तडा मानेत गेला.

मग जगभरच्या अभ्यासकांनी कोयनेला आपापल्या मेजावर घेतले. रुरकीला जय कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदीची चिकित्सा केली. अमेरिकेत बर्कलीला अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याने धरण संगणकात लहान लहान तुकड्यांनी उभे केले, तीच नोंद त्याला दिली, आणि काँक्रीटला न सोसणारा ताण नेमका मानेशी दिसला. त्याच विद्यापीठात १९८० मध्ये कोयनेच्या एका खंडाची दीडशे पटीने लहान प्रतिकृती थरथरत्या मंचावर ठेवली गेली. इथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. सत्तर सेंटिमीटर उंचीची, कमरेलाही न पोहोचणारी भिंत. ती खऱ्या काँक्रीटची केली तर कितीही हलवा, तडकायची नाही. लांबी दीडशे पटीने कमी करता येते, गुरुत्वाकर्षण करता येत नाही. म्हणून घनता तीच ठेवून बळ मात्र दीडशे पटीने उतरवावे लागते. त्यासाठी प्लास्टर, वाळू आणि शिशाची पूड कालवून असा पदार्थ सिद्ध केला, की जो काँक्रीटइतका जड आणि खडूहूनही हळवा. प्रतिकृतीला खरे बोलते करायचे तर तिला आधी नेमकेपणाने दुबळे करावे लागते. ती हलली आणि तडकली, मानेशीच. इकडे मूळ धरणाच्या उंच खंडांना तोवर मागून काँक्रीटचे भक्कम टेकू मिळालेले होते.

धरणाचे कोडे असे बरेचसे उलगडले. भूमीचे तितके नाही. तळ्यातल्या पाण्याच्या चढउताराशी इथल्या धक्क्यांचे नाते लागते, हे हर्ष गुप्ता यांच्यासारख्या भूकंपशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दाखवले. वारणेचे धरण भरू लागल्यावर धक्क्यांचा वावर दक्षिणेकडे पसरला. पण फटीतून झिरपणारे पाणी नेमक्या कोणत्या खोलीवर, कोणत्या दाबाने खडकाचा तोल ढळवते, हे वरून कसे कळावे? म्हणून भुईतच उतरायचे ठरले. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठण्याला तीन किलोमीटर खोल विंधनविवर २०१७ मध्ये पूर्ण झाले. वरचे हजारभर मीटर आपला ओळखीचा काळा पत्थर, लाव्हाच्या थरांवर थर. त्याखाली एकदम ग्रॅनाइटी नाइस, मध्ये गाळाच्या खडकाचा थर नाही. धक्के उगम पावतात ते या खालच्या खडकात. संगणकातल्या भूमीला आता निदान खऱ्या दगडाचे नमुने आणि खऱ्या खोलीवरचे तापमान मिळू लागले आहे.

या साऱ्या अभ्यासात एक गोष्ट मात्र मागे राहिली, आणि स्मरणाच्या दिवशी ती झाकून ठेवणे बरे नव्हे. त्या पहाटे माणसे गेली ती धरणामुळे नव्हे, घरांमुळे: मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती, वर जड छप्पर. जगाच्या ग्रंथांत कोयनेचे धरण शेकडो वेळा हलवून पाहिले गेले. कोयनाकाठच्या घराच्या वाट्याला त्याच्या दशांशानेही कौतुक आले नाही. १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपाने तोच धडा पुन्हा, कितीतरी मोठ्या किमतीला दिला.

आज अभियांत्रिकीचा विद्यार्थी 'ॲबॅकस' नावाची संगणक-प्रणाली उघडतो, तेव्हा तिच्या उदाहरणांच्या पुस्तिकेत त्याला कोयना भेटते: एक काटछेद, एक नोंद, मानेशी पसरत जाणारा रंगीत डाग. तो उदाहरण सोडवतो आणि पुढे जातो. आपल्या प्राध्यापकांना एवढीच विनंती, की येत्या ११ डिसेंबरला त्याला पडद्यासमोरून उठवावे, एस.टी.त बसवावे, आणि ती मान, ते टेकू आणि त्या गावातली जुनी माणसे दाखवून आणावीत. कोयनानगर पाटण तालुक्यात आहे, कराडहून चिपळूणला जाणाऱ्या रस्त्यावर, घाट लागण्याच्या अलीकडे.