दोन टक्क्यांचे साडेअडतीस लाख

एनपीएसचं, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं, स्टेटमेंट शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी माणसं थोडी. मी त्यातला एक (व्यसन काय, कशाचंही लागतं). त्यात दर तिमाहीला एक नोंद येते: खात्याचं रेकॉर्ड सांभाळणाऱ्या संस्थेचं शुल्क म्हणून काही युनिट वजा. आकडा दशांशचिन्हानंतर चार घरं धावतो, रक्कम मात्र किरकोळ. तेवढ्यावरून लोक चिडतात, "न विचारता आमचे पैसे कापले कसे?" फंड सांभाळणाऱ्या कंपनीच्या शुल्काची मात्र त्यात ओळच नसते. ते रोजच्या एनएव्हीतून, म्हणजे युनिटच्या भावातून, आधीच वळतं झालेलं असतं. न दिसणाऱ्या कपातीवर कोण भांडणार?

ही कपात किती महाग पडू शकते, ते कागदावर मांडून बघा. महिन्याला 5,000 रुपये, 30 वर्षं, परतावा 10 टक्के धरू. शुल्क शून्य असेल तर सुमारे 1 कोटी 13 लाख जमतात. तेच शुल्क वर्षाला 2 टक्के असेल तर हाती येतात साडेचौऱ्याहत्तर लाख. साडेअडतीस लाख गेले, आणि आपण खिशातून भरलेले सगळे मिळून 18 लाख!

म्हणून शुल्काला लगाम हवा, यात वाद नाही. पण लगाम किती ओढावा, याची आपल्याकडची गोष्ट मजेशीर आहे. 1 मे 2009 रोजी एनपीएस सर्वांसाठी खुली झाली तेव्हा फंड व्यवस्थापनाचं शुल्क होतं 0.0009 टक्के. म्हणजे लाखाला वर्षाकाठी नव्वद पैसे. इतकं स्वस्त पेन्शन जगात शोधून सापडलं नसतं, आणि आपल्या सोसायटीतही कुणाच्या कानावर आलं नाही. विकणाऱ्याला त्यात सुटत काहीच नव्हतं, मग जिने कोण चढणार? जिने चढत होते ते युलिपवाले, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकाच पॉलिसीत विकणारे. मार्च उजाडला की "काका, टॅक्सही वाचेल आणि म्हातारपणाची सोयही होईल" म्हणत फॉर्म पुढे करायचे. पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला केवढा घास शुल्कात जातो, हे काकांना कळायचं ते पॉलिसी मोडायला गेल्यावर. अखेर सप्टेंबर 2010 पासून विमा नियामकाने चाप लावला: शुल्कापोटी परताव्यात पडणारी घट 10 वर्षांपर्यंतच्या पॉलिसीत 3 टक्क्यांच्या आत आणि त्याहून लांब मुदतीत 2.25 टक्क्यांच्या आत.

नव्वद पैशांचा तो दर मला ग्राहकहिताचा कधीच वाटला नाही. त्या दराने गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडलं. पेन्शन नियामक पीएफआरडीएलाही ते उमगलं असावं. 2021 च्या एप्रिलपासून शुल्काचे टप्पे आले: फंडाकडच्या पहिल्या 10,000 कोटींवर 0.09 टक्के, पुढे दर उतरत जाऊन दीड लाख कोटींच्या वरच्या रकमेवर 0.03 टक्के. म्हणजे तेव्हा लाखाला फार तर नव्वद रुपये. हे मला रास्त वाटतं. काम करणाऱ्याला मजुरी मिळायला हवी.

ऑक्टोबर 2025 पासून आलेल्या नव्या योजनांबद्दल मात्र मी जरा सावध आहे. मल्टिपल स्कीम फ्रेमवर्क या भारदस्त नावाखाली फंडांना वेगवेगळ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या योजना काढता येतात, शंभर टक्के शेअर बाजारातल्यासुद्धा, आणि वार्षिक शुल्काची कमाल मर्यादा 0.30 टक्के. युलिपच्या मानाने हे चिल्लर. पण वरच्याच हिशेबात 0.09 च्या जागी 0.30 घातलं तर तीस वर्षांनी पावणेपाच लाखांच्या आसपास कमी मिळतात. जास्तीच्या परताव्यातून ते भरून निघतील, असं योजना विकणारा सांगेलच. परताव्याची हमी मात्र तो देणार नाही, शुल्क तेवढं नक्की.

मर्यादा आहे ती असू दे. माझं मागणं साधं आहे: स्टेटमेंटमध्ये युनिट वजा झाल्याच्या त्या किरकोळ नोंदीखाली आणखी एक ओळ छापा, या वर्षी तुमच्या खात्यातून फंड व्यवस्थापनापोटी इतके रुपये गेले. टक्के नकोत, रुपये. संगणकाला ते काम अवघड नाही. ती ओळ येईपर्यंत वर्षाची सरासरी शिल्लक आणि शुल्काचा दर यांचा गुणाकार घरीच करा, आणि नव्या योजनेचा फॉर्म घेऊन आलेल्या माणसासमोरच करा.