पोळ्याचा बैल आणि पाच अतिचार

पोळ्याच्या आदल्या दिवशी दारव्ह्याच्या परिसरात जुवाखाली राबलेले बैलांचे खांदे हळद-तूप लावून शेकले जातात. जनावराकडून घेतलेल्या श्रमाची ही माणसाने दिलेली कबुलीच होय.

या नात्याचा हिशेब अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्व्हिन हॅरिस यांनी १९६६ मध्ये मांडला. भारतात गोवंश टिकतो तो श्रद्धेपेक्षा नांगर, शेण आणि दुधाच्या गरजेमुळे, असे त्यांचे म्हणणे. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी ते अमान्य केले. लंगड्या, भाकड जनावरांना मरेपर्यंत पोसणारे पांजरपोळ तर अशा हिशेबात बसतच नाही.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे पाच अतिचार आहेत : बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी अडवणे. दावे, चाबूक, वेसण, बंडी, गव्हाण. बैलाचा सारा जन्मच त्यांत आला. सूत्रकारांची दृष्टी किती व्यवहारी!

मूर्तिजापूर-यवतमाळ रेल्वेपर्यंत इथला कापूस बंडीनेच येई. अतिभाराचा प्रश्न म्हणूनच शेतकऱ्याइतका पेढीचाही होता. आता ट्रॅक्टर आला, आणि प्रश्न पाचव्या अतिचाराचा झाला. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीस बंदी आहे. जीव वाचला, हे मोठेच. परंतु थकलेल्या बैलाचा कडबा कोरडवाहू शेतकऱ्याच्या माथी राहिला.

श्वेतांबर पर्युषणाच्या आठ दिवसांतच पोळ्याची अमावास्या येते. स्थानकात जीवदयेचा निधी जमत असतो, त्याच सुमारास तो बैल गावाच्या तोरणाखाली उभा असतो.