गल्ला मोजावा की माणसे?

कल्याणच्या आमच्या बाजारात दुपारी गिऱ्हाईक कमी झाले की गप्पा सिनेमावर येतात. "'दंगल'ने चीनमध्ये बाराशे कोटी कमावले," हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल! ऐकणारे सगळे व्यापारीच असतात. पण तिकिटे किती खपली आणि त्यातून निर्मात्याच्या हाती काय आले, हे कोणी विचारत नाही. खरे तर हे दोन्ही प्रश्न आपल्या धंद्याचे आहेत.

पहिला प्रश्न घ्या. 'दंगल' चीनमध्ये मे २०१७ मध्ये लागला. गल्ला सुमारे १३० कोटी युआन झाला. तिकिटाचा सरासरी दर ३२ युआन धरला तर तिकिटे साधारण ४ कोटी होतात. आता मागे जाऊ. राज कपूर यांचा 'आवारा' १९५४ मध्ये सोव्हिएत रशियात लागला. तेथे चित्रपटाचे यश रुबलांत नव्हे, प्रेक्षकांच्या संख्येत मोजत. 'आवारा'ची संख्या होती सुमारे ६ कोटी ४० लाख. मिथुन चक्रवर्ती यांचा 'डिस्को डान्सर' १९८४ मध्ये तेथे गेला, तोही ६ कोटींच्या घरात पोहोचला.

'आवारा' लागला तेव्हा सोव्हिएत देशाची लोकसंख्या २० कोटींच्या आत होती. 'दंगल'च्या वेळी चीनची १३८ कोटींच्या वर. अनेकांनी 'आवारा' दोन-तीनदा पाहिला असेल, हे मान्य. तरीही पैशांत 'दंगल' मोठा आणि माणसांत 'आवारा' मोठा, हे खरेच.

आपल्याकडे येणाऱ्या परदेशी चित्रपटांचेही तसेच आहे. १९९४ मध्ये 'जुरासिक पार्क' हिंदी बोलत आला. तेव्हा ठाणे-कल्याणला एकपडदा थिएटरे होती आणि तिकीट थोड्या रुपयांचे. २०१९ मध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'ने देशात साडेतीनशे कोटींचा टप्पा ओलांडला, तो मॉलमधल्या शेकडो रुपयांच्या तिकिटांवर. हे दोन गल्ले एका तराजूत कसे तोलणार? दर वाढला की गल्ला आपोआप फुगतो. माणसांची संख्या तशी फुगत नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. २०१०-११ मध्ये कापसाचे भाव भडकले, त्यामागोमाग सूत आणि कापडही. त्या वर्षी माझ्या वहीत उलाढाल कधी नव्हती एवढी दिसली. मी खुशीत येऊन माल भरला. तागे मोजले असते तर कळले असते की विक्री वाढली नव्हती, घटली होती. पुढे भाव उतरले आणि महागाचा माल वखारीत पडून राहिला. ते नुकसान फेडायला मला दोन वर्षे लागली.

दुसरा प्रश्न वाट्याचा. चीनमध्ये जे परदेशी चित्रपट वाट्यावर लागतात, त्यांच्या मालकाला गल्ल्यातले साधारण २५ टक्के मिळतात. उरलेले थिएटरवाले आणि वितरक यांचे. इतर बरेच चित्रपट एकरकमी भावात विकत घेतले जातात. मग गर्दी कितीही होवो, मालकाला ठरली रक्कमच. भिवंडीचा मजुरीवर विणणारा कारखानदार हे लगेच ओळखेल. त्याचे कापड परदेशात कितीही भावाने विकले गेले तरी त्याला मीटरमागे ठरली मजुरीच मिळते. निर्यातीचा मोठा आकडा वर्तमानपत्रात वाचून त्याने छाती फुगवावी काय?

म्हणून माझ्या व्यापारी आणि कारागीर बंधूंना एवढेच सांगणे आहे. कोणी कोटींचा आकडा सांगून माल भरायला किंवा नवे माग घालायला लावत असेल, तर आधी तीन गोष्टी विचारा : नग किती, दर काय आणि हाती किती? आपल्या वहीतही हे तीन रकाने वेगळे ठेवा. उलाढालीचा एकच रकाना ठेवून मी दोन वर्षे गमावली. तुम्ही गमावू नका.