वरचा मजला खालच्याच्या भरवशावर: केक, गोपुर आणि दीपमाळ

१/ सातारा-सांगलीकडच्या लग्नांत आणि वाढदिवसांत तीन मजली केक आता सर्रास दिसतो. छायाचित्रे निघतात, केक कापला जातो. तो उभा कसा राहिला, हे कुणी विचारत नाही. तो कलला, की मात्र साऱ्या मांडवाचे लक्ष जाते. एकावर एक रचलेली वस्तू सरळ कशी राहते, आणि तिला सरळ ठेवणाऱ्या कामाची किंमत आपण करतो का, हा या धाग्याचा विषय आहे. सुरुवात केकच्या इतिहासापासून. नंतर वाट तासगाव आणि वाईकडे वळेल.

२/ मजल्यांचा केक फार जुना नाही. १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या विवाहाचा केक सुमारे ३०० पौंडांचा, म्हणजे १३६ किलोंच्या आसपास होता. त्याचा घेर सुमारे ९ फूट, उंची मात्र जेमतेम १४ इंच. जात्याच्या तळीसारखा तो पसरलेला होता. वैभव दाखवायचे ते रुंदीने आणि वर मांडलेल्या साखरेच्या मूर्तींनी. त्या काळच्या आचाऱ्यांनी उंचीचा मोह टाळला, कारण केकवर केक ठेवला की खालचा दबतो, हे ते जाणून होते.

३/ १८५८ साली याच राणीच्या थोरल्या मुलीचा विवाह झाला, आणि केकने उंची गाठली. मात्र खरा केक तळाशीच होता. वरचा डोलारा साखरेचा. संपूर्णपणे केकचेच मजले असलेला राजघराण्यातील पहिला केक म्हणून १८८२ सालच्या राजपुत्र लिओपोल्डच्या विवाहाचे उदाहरण दिले जाते. अंड्याचा पांढरा बलक आणि दळलेली साखर घोटून केलेला लेप वाळला की दगडासारखा कठीण होतो. त्या कवचाने मजले पेलले.

४/ पुढे दोन मजल्यांच्या मध्ये खांब आले. सुरुवातीच्या खांबांचे रहस्य गमतीचे आहे: झाडूच्या दांड्याचे तुकडे कापून त्यांवर साखरेचा लेप चढवत. पाहुण्यांना संगमरवरी भासणारा खांब आतून झाडूचा दांडा असे. पाहणाऱ्याने कौतुक लेपाचे केले. भार मात्र दांड्याने वाहिला.

५/ आज आपल्याकडचा केक सुक्यामेव्याचा घट्ट केक नसतो. तो बहुधा अंड्याविना केलेला मऊ स्पंज असतो आणि वर फेटलेल्या क्रीमचा थर. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचा पारा चाळिशीला टेकला की हे क्रीम ढिले पडू लागते. अशा केकवर दुसरा केक थेट ठेवणे म्हणजे उशीवर पाटा ठेवणे. म्हणून प्रत्येक मजल्याखाली स्वतंत्र पुठ्ठा किंवा पाट असतो आणि खालच्या केकमध्ये समान उंचीच्या चार-पाच काड्या रोवलेल्या असतात. वरचा पाट त्या काड्यांवर टेकतो. स्पंजवर ओझे पडत नाही. काडी एक रेघ जरी उंच राहिली, तरी पाट डुगडुगतो.

६/ आता थोडे गणित. १०, ८ आणि ६ इंच व्यासाचे, सारख्या उंचीचे तीन केक घ्या. त्यांचे वजन व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे १००, ६४ आणि ३६ असे येते. वरच्या दोघांची बेरीज १००. म्हणजे तळाचा केक आपल्या वजनाइतकेच ओझे डोक्यावर घेऊन उभा असतो. निम्मे वजन तळाशी आल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो. वर निमुळते होत जाणे हा शोभेचा भाग आहेच. त्याआधी तो तोलाचा हिशेब आहे.

७/ दुसरे गणित पातळीचे. १० इंच रुंदीच्या तळाच्या केकची एक कड पाव इंच उंच राहिली, तर उतार ४० ला १ असा पडतो. मधले मजले त्याच उतारावर चढत गेले, तर २० इंच उंचीवरचा शेंडा अर्धा इंच सरकतो. डोळ्याला ते लगेच जाणवते. भट्टीतून निघालेल्या केकचा फुगलेला माथा सुरीने सपाट कापण्याचे कष्ट यासाठीच घ्यायचे. वरच्या मजल्यावर क्रीम जास्त थापून चूक लपते. उतार तसाच राहतो.

८/ हाच ४० ला १ उतार ९६ फूट उंचीच्या इमारतीत राहिला, तर शेंडा जवळजवळ अडीच फूट ढळेल. ९६ फूट हा आकडा मुद्दाम घेतला आहे. सांगली जिल्ह्यातील तासगावच्या गणपती मंदिराचे सात मजली गोपुर तेवढ्या उंचीचे सांगितले जाते. मजल्यावर मजला चढवण्याची विद्या या भागात पाहायची, तर याहून ठळक उदाहरण नाही.

९/ हे मंदिर परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारले. काम १७७९ ते १७९९ असे वीस वर्षे चालले. हैदर आणि टिपू यांच्याविरुद्धच्या मोहिमांत भाऊंच्या आयुष्याचा मोठा काळ कर्नाटकात गेला, आणि दक्षिणेकडील मंदिरांची उंच प्रवेशद्वारे त्यांच्या दृष्टीस पडली. महाराष्ट्रातील मंदिराची उंची एरवी गाभाऱ्यावरच्या शिखरात असते. तासगावात ती दारावर आली. १७९९ सालीच पट्टणकुडीच्या लढाईत भाऊ मारले गेले.

१०/ गोपुर उभे कसे राहते? दक्षिणेतील गोपुरांची सर्वसाधारण पद्धत अशी: तळाचा भाग घडीव दगडाचा, वरचे मजले विटा-चुन्याचे. जड खाली, हलके वर. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा आखूड आणि अरुंद, आत पोकळी. भिंतींचा भार खालच्या भिंतींवरच उतरतो, मधल्या पोकळीवर पडत नाही. केकमधल्या काड्या हेच काम करतात: वरचे ओझे मऊ भागाला टाळून थेट तळापर्यंत पोचवणे.

११/ गोपुर रुंद असते, म्हणून त्याला चुकीची थोडी मुभा असते. दीपमाळेला ती नाही. वाईच्या काशीविश्वेश्वर मंदिरासमोरच्या दीपमाळा पाहा. खाली चौथरा, वर निमुळता होत गेलेला दगडी स्तंभ, आणि ठरावीक अंतरावर चहूबाजूंनी बाहेर आलेले दगडी हात. त्रिपुरी पौर्णिमेला त्यांवर पणत्या लागतात, तेव्हा नजर ज्योतींवर खिळते. दिवसाउजेडी पाहिले, तर त्या हातांची मांडणी जास्त बोलकी वाटते.

१२/ बाहेर आलेला दगड खाली झुकू पाहतो. त्याचा मागचा भाग स्तंभात खोल गेलेला असतो आणि वरच्या थरांचे वजन त्या भागाला दाबून धरते. म्हणजे इथे वरचा थरही खालच्याला सावरतो. शिवाय हात सर्व दिशांना सारखे असल्याने एका बाजूची ओढ दुसरी बाजू फेडते. चारही अंगांनी सारखेपणा राखणे ही इथे सौंदर्यदृष्टी आहे आणि सुरक्षाही.

१३/ यासाठी लागणारी साधने साधी होती: ओळंबा, गुण्या आणि पाणसळ. ओळंब्याने उभी रेघ कळते, गुण्याने काटकोन आणि पाणसळीने पातळी. एक थर बसला की तो तपासायचा, मगच पुढचा. दोन थरांच्या मध्ये घाणीत मळलेला चुना. अनेक किल्ल्यांवर या घाणीची वर्तुळाकार चर आजही दिसते. चुना सावकाश घट्ट होतो आणि दगडांतील बारीक असमानता भरून काढतो. चुना आवळेपर्यंत थांबण्याची तयारी हाही त्या कारागिरीचा भाग होता.

१४/ नुसते वजन पुरे नसते. अंगभर सांधाही लागतो. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप यांनी तो धडा फार महागात शिकवला. दगड-मातीच्या जाड भिंतींचे आतले आणि बाहेरचे पाख एकमेकांना बांधलेले नसतील, तर हादऱ्याने ते अलग होतात आणि कोसळतात. किल्लारीनंतर भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवण्यावर भर दिला गेला तो यामुळे. केकच्या माथ्यापासून तळापर्यंत मधोमध ठोकलेली लांब काडी याच तत्त्वाची धाकटी बहीण आहे: ती भार फारसा वाहत नाही, थरांना सरकू देत नाही.

१५/ आणि हलवायचे झाले तर? त्याचेही उत्तर तासगावात आहे. ऋषिपंचमीला गणपतीचा तीन मजली, सुमारे ३० फुटी रथ निघतो. गुलाल-पेढ्यांच्या उधळणीत भाविक तो दोरखंडांनी काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत ओढत नेतात आणि परत आणतात. उंच रचना चालवताना घात करतो तो झटका. वेग संथ आणि ओढ सारखी असली पाहिजे. गतिरोधकांच्या रस्त्यावरून केक नेणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. म्हणून शहाणा माणूस मजले सुटे नेतो आणि मांडवात चढवतो.

१६/ आता मुद्द्याचे. या सर्व उदाहरणांत वस्तूला उभे ठेवणारे काम नजरेआड आहे: काडी, पाट, पाया, चुना, आरपार दगड. आपला इतिहास मात्र आश्रयदात्याचे नाव आणि दर्शनी नक्षी यांवर थांबतो. वर्णनाची ही सवय पुढे डागडुजीची सवय बनते. जीर्णोद्धार म्हणजे रंग, असे समीकरण गावोगाव रूढ आहे. दगडी दीपमाळेला तैलरंग फासला जातो, सांध्यांत सिमेंट भरले जाते, विजेच्या माळांसाठी खिळे ठोकले जातात.

१७/ यात हानी काय? चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट आणि तैलरंग ती आत कोंडतात. कोंडलेली ओल दगडाचा पृष्ठभाग सोलते आणि आतला चुना ढिला करते. सिमेंट ताठर असल्याने हालचालीचा ताण शेजारच्या दगडावर येतो. सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोप वरवर छाटले, तर मूळ आत जाडच होत राहते. चौथऱ्याशी पाणी साचले, तर पाया एका अंगाने खचतो आणि सातव्या मुद्द्यातले गणित सुरू होते. रंग ताजा दिसत असताना हे सारे आत घडत असते.

१८/ यावर एक रास्त आक्षेप आहे. देवळे वापरात आहेत, लोक श्रद्धेने वर्गणी देतात, आणि दिलेल्या पैशाचे काम डोळ्यांना दिसावे अशी अपेक्षा गैर नाही. हे मान्य. रंग देऊच नये, असा आग्रहही नाही. दगडाला श्वास घेऊ देणारा चुन्याचा हात देता येतो. आग्रह क्रमाचा आहे. आधी पाण्याचा निचरा, मग ओळंब्याने तपासणी, मग मुळासकट रोप काढणे, मग चुन्याने सांधे भरणे. शोभा शेवटी.

१९/ केकलाही हाच न्याय लागू पडतो. गिऱ्हाईक दर विचारते तो किलोवर आणि नक्षीवर. पातळी साधण्यात गेलेला तास, आतल्या काड्या, मांडवात येऊन केलेली जोडणी यांचे पैसे मागितले की घासाघीस सुरू होते. हे काम पुष्कळदा घरच्या स्वयंपाकघरातून व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचे असते, आणि केक कलला तर दोष त्यांचाच. आधाराची किंमत पावतीवर वेगळी लिहिली जावी. ज्याची नोंद होते त्याचीच कदर होते.

२०/ तासगावला जाणाऱ्यांनी गोपुराकडे पाहताना नजर शेंड्यावरून खाली आणावी आणि तळाच्या थरापाशी घटकाभर थांबावे. भाऊंचे नाव इतिहासाने जपले, ते योग्यच. तो तळाचा थर पाणसळीत बसवणाऱ्या गवंड्यांचे ऋण मात्र फेडायचे राहिले आहे, आणि ते फेडण्याचा एकच मार्ग उपलब्ध आहे: त्यांनी जे काम आधी केले, ते दुरुस्तीच्या वेळी आपणही आधी करणे.

(धागा समाप्त)